झोपेत दात खाता? मऊ गार्ड घ्यावा की कडक

दिवाळीत चकली खाताना माझ्या डाव्या दाढेचा कोपरा उडाला, तेव्हा मी भाजणीला नावं ठेवली. दाताच्या डॉक्टरांनी हातात आरसा दिला. सुळ्यांची टोकं सपाट झालेली, जिभेच्या कडेला दातांचे ठसे, गालाच्या आतून एक पांढरी रेघ. "चकली निमित्त झाली हो. रात्री दात खाता ना?" बायको तीन वर्षं हेच सांगत होती. तिच्या मते मी रात्री दळण दळतो. लहानपणी याच आवाजावरून आजीनं मला जंताचं औषध पाजलं होतं.

मी करसल्लागार आहे. दर महिन्याची जीएसटी विवरणपत्राची २० तारीख आणि सप्टेंबरअखेरचं ऑडिट. ऐन वेळी बिलांची पिशवी आणून टाकणाऱ्या अशिलासमोर दातओठ खाता येत नाहीत, म्हणून बहुधा ते काम रात्रीवर ढकललं जातं.

आता निवडीचं. गार्ड म्हणजे झोपताना दातांवर चढवायचं कव्हर. त्यामुळे दात खाणं थांबत नाही, दात वाचतात. एवढं गृहीत धरूनच पुढचं वाचा. झिजलेलं एनॅमल परत येत नाही, त्यामुळे तेवढंही पुष्कळ आहे.

मी आधी मऊ गार्ड घेतला. स्वस्त, एका मापात तयार, आणि पहिल्या रात्रीपासून तोंडात सुखाचा. अडचण तिसऱ्या आठवड्यात कळली. मी तो चघळत होतो! दात खाणाऱ्याच्या जबड्याला रात्रभर काहीतरी मऊ, दबणारं मिळालं की तो दुसरं काय करणार? सकाळी उठलो की दोन्ही गाल भरून आलेले, आदल्या दिवशी जत्रेत बसून उसाची अख्खी मोळी सोलून खाल्ल्यासारखे. कानशिलं ठणकायची ती वेगळीच. म्हणजे दात वाचले, पण जबड्याला ओव्हरटाइम. पाचव्या महिन्यात डाव्या दाढेपाशी गार्डला आरपार भोक पडलं, त्यातून जीभ लागायची.

सगळ्यांचं असं होतं असं नाही. माझा मेहुणा तसलाच मऊ गार्ड दोन वर्षं वापरतोय आणि खूश आहे. तो नुसते दात आवळतो, तेही अधूनमधून. तुमचं तसं हलकंफुलकं असेल, किंवा तोंडात काही ठेवून झोप लागेल की नाही हीच शंका असेल, तर मऊपासून सुरुवात करायला हरकत नाही. गरम पाण्यात बुडवून घरीच चावून बसवायचे गार्ड मिळतात, त्यांच्या वाटेला मात्र मी जाणार नाही. चावा नीट जुळला नाही तर जबड्याचं दुखणं वाढायची भीती.

कडक गार्ड अ‍ॅक्रिलिकचा. डॉक्टर त्याला स्प्लिंट म्हणतात. मला दुपटीहून जास्त पैसे पडले आणि तीन खेपा झाल्या. पण खेपांचं कारण पटलं. गार्ड बसवून डॉक्टर दातांमध्ये निळा कागद धरतात, "चावा, आता डावीकडे सरकवा, आता उजवीकडे". गार्डवर निळे ठिपके उमटतात, जिथे ठिपका गडद तिथे थोडं घासतात, पुन्हा कागद. अर्धा तास हेच. शेवटी दोन्ही बाजूंचे ठिपके सारखे आले आणि खालचे दात त्यावरून तेल लावल्यासारखे सरकले. सगळी मेख इथेच असावी असं मला वाटतं. दाताला रुतायला जागाच नाही, मग चघळणार काय?

त्याचेही नखरे आहेत. पहिला आठवडा उशी लाळेनं भिजली. तो घालून फोन घेतला तर समोरच्याला वाटतं, याची जरा जास्त झाली. सकाळी काढल्यावर मिनिटभर दात भलत्याच जागी टेकतात. ते आपोआप जातं, तासन्‌तास राहिलं तर डॉक्टरांना दाखवा. गरम पाणी लावायचं नाही, वाकतो. टूथपेस्टनं चरे पडतात, म्हणून साधा साबण आणि गार पाणी. पण दुसऱ्या आठवड्यानंतर कानशिलं ठणकायची थांबली. माझ्याकडे मोजमाप एवढंच.

बोटॉक्सबद्दल हल्ली बरेच जण विचारतात. गालाच्या चावायच्या स्नायूत इंजेक्शन देतात, जोर कमी होतो, असर साधारण ३-४ महिने टिकतो, मग पुन्हा खर्च. चुलतभावानं घेतलं. दुखणं थांबलं हे खरं, पण पहिले काही आठवडे मटण चावताना तो अर्ध्यात दमायचा. सारखी इंजेक्शनं घेतली तर जबड्याच्या हाडावर काय परिणाम होतो, याचा अजून अभ्यास चालू आहे. गार्डनंही दुखणं हटत नसेल तर विचार करावा. पहिल्या फटक्यात मी तरी करणार नाही.

फुकटचा उपाय दिवसाचा आहे. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला. जेवताना सोडलं तर वरचे-खालचे दात टेकायलाच नकोत. मी बायकोची एक लाल टिकली मॉनिटरच्या कोपऱ्यावर लावली आहे. नजर गेली की दात सोडायचे. पहिल्या दिवशी जितक्यांदा नजर गेली, तितक्यांदा दात आवळलेलेच सापडले. तुमचं दात खाणं दिवसाचं असेल तर कुठल्याही गार्डपेक्षा टिकलीचा उपयोग जास्त होईल. संध्याकाळनंतरचा चहा-कॉफी आणि 'बसणं' कमी केलं तर रात्रीही फरक पडतो, निदान मला पडला.

दोन गोष्टी मात्र पैसे भरण्याआधी. जोरात घोरत असाल, झोपेत श्वास अडकत असेल, तर आधी झोपेची तपासणी. आणि नैराश्याच्या किंवा चिंतेच्या काही गोळ्यांनी, उदाहरणार्थ फ्लुओक्सेटिन किंवा सर्ट्रालिन, काहींना दात खायची सवय लागते. गोळी सुरू झाल्यावर हे सुरू झालं असेल तर ती आपल्या मनानं बंद न करता लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगा.

मऊ गार्ड भोकासकट अजून कपाटात आहे. कडक गार्डला दीड वर्ष झालं, डाव्या बाजूला चरे आहेत, भोक नाही. २० तारीख उलटली की बायको तो खिडकीच्या उजेडात धरून नवा चरा पडलाय का बघते. या महिन्यात दोन सापडले.