एबीएसचा दिवा विझवायचे ३३,००० रुपये

जुन्या गाडीचं 'एबीएस मॉड्यूल गेलंय' असं कुणी गॅरेजवाला सांगायला लागला तर खिशात हात घालायच्या आधी हे वाचा. एबीएस म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, आणि मॉड्यूल म्हणजे ती चालवणारं युनिट. माझे ३३,००० रुपये गेले. बिघाड निघाला मागच्या डाव्या चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरच्या वायरमध्ये, आणि सेन्सर वायरसकट बदलायला दुसऱ्या मेकॅनिकने घेतले २,३५० रुपये.

गाडी २०११ ची. तेव्हा आपल्याकडे एबीएस सक्तीचं नव्हतं, सगळ्या नव्या गाड्यांना ते २०१९ मध्ये लागू झालं. मी वरचं मॉडेल घेतलं ते केवळ ब्रेकसाठी, म्हणून मीटरवर पिवळा दिवा दिसल्यावर 'ब्रेक लागतोय ना, मग राहू दे' असं केलं नाही. दिवा सतत नसायचा. खड्ड्यात चाक आदळलं की लागायचा, गाडी बंद करून परत चालू केली की कधी कधी जायचा. हे सगळं मी गॅरेजवाल्याला जसंच्या तसं सांगितलं. आदळल्यावर दिवा लागतो म्हणजे चाकापाशी काहीतरी हलतंय, हे गॅरेजमधल्या शिकाऊ पोरालासुद्धा कळतं. त्याला कळलं नसेल हे मी मानायला तयार नाही.

त्याने मोबाइलला जोडलेला एक छोटा स्कॅनर लावला, स्क्रीनवरची लाल अक्षरं दाखवली आणि म्हणाला, "साहेब, मॉड्यूल डेड आहे. ब्रेकचा विषय आहे, घरची माणसं बसतात गाडीत." तपासणीचे १,२०० रुपये. नंतर समजलं की असले स्वस्तातले स्कॅनर बहुतेक वेळा फक्त इंजिनाचे, म्हणजे 'पी'ने सुरू होणारे बिघाडाचे कोड वाचतात. चाकाच्या सेन्सरचे कोड 'सी'ने सुरू होतात. कोड कागदावर लिहून मागा. लिहून देत नसेल तर तिथून निघा.

मॉड्यूलचे २६,५००, मजुरी ३,५००. जुना भाग मागितला तर "तो कंपनीला परत जमा करावा लागतो." थोडे दिवस दिवा गेला, कारण त्याने फक्त कोड पुसला होता. परत लागला तेव्हा "नवीन मॉड्यूलला सॉफ्टवेअर मारावं लागेल" म्हणून आणखी १,८००. त्यानंतर दिवा कधीच लागला नाही.

कधीच नाही. हेच माझ्या डोक्यातून जात नाही. चावी फिरवली की मीटरवरचे सगळे दिवे दोन-चार सेकंद लागतात: एअरबॅग, ऑइल, बॅटरी, एबीएस. गाडी स्वतःला तपासते, मग ते विझतात. माझ्या गाडीत बाकीचे लागत होते आणि एबीएसची जागा काळी होती. रोज सकाळी ते माझ्या डोळ्यांसमोर होत होतं. पण दिवा नसणं म्हणजे गाडी ठीक, असंच आपल्याला शिकवलेलं असतं. न लागणाऱ्या दिव्याकडे कोण बघतं? आणि हा माणूस अनेक वर्षं माझी गाडी सर्व्हिस करत होता. तेलपाण्यात त्याने कधी दहा रुपये जास्त लावले नव्हते, मग मी संशय घ्यायचा तो कशावरून?

पावसात उतारावर जोरात ब्रेक दाबावा लागला तेव्हा चाकं जाम झाली. पायाखाली एबीएसची ती थरथर नाही, स्टीअरिंग वळवलं तरी गाडी सरळच घसरत गेली. पुढे कुणी नव्हतं म्हणून हे लिहितोय.

दुसऱ्या मेकॅनिकने मीटर खोलला. एबीएसच्या दिव्यामागे काळी चिकटपट्टी लावलेली होती. मग बॉनेट उघडून त्याने मला मॉड्यूलच्या ब्रेक पाइपांचे नट दाखवले. त्यांवर वर्षानुवर्षांचा मातीचा थर तसाच होता, पान्याचा एक ओरखडा नाही. ते युनिट बदलायचं तर पाइप सोडावे लागतात, नवीन ब्रेक ऑइल भरून हवा काढावी लागते. माझ्या टाकीत जुनंच काळपट ऑइल होतं, आणि बिलात ऑइलचा उल्लेखही नव्हता. म्हणजे काहीच बदललं नव्हतं. मग त्याने योग्य स्कॅनर लावून मला गाडी हळू चालवायला सांगितलं. तीन चाकांचा वेग दिसत होता, चौथ्याचा शून्य. वायर हाताने वाकवली की आकडा यायचा, सोडली की जायचा.

पैसे परत मागितले तेव्हा गॅरेजवाला म्हणाला, "दुसऱ्याने हात लावलाय, आता माझी जबाबदारी नाही."

पोलीस चौकीत तासभर बसवून ठेवलं आणि सांगितलं, हा तुमच्या दोघांतला व्यवहार आहे, दिवाणी बाब आहे. ब्रेकचा धोक्याचा दिवा मुद्दाम झाकणं हा व्यवहार? माणूस मेला असता तर कोणती बाब झाली असती? परिवहन कार्यालयात म्हणाले, गॅरेज आमच्याकडे येत नाही, वाहन येतं. वरून गाडीचं वय विचारून फिटनेसची आठवण करून दिली, जणू गुन्हा मी केलाय. एका सरकारी तक्रार खिडकीवर पक्कं बिल मागितलं. माझ्याकडे वहीतल्या पानावरचं कच्चं बिल. पक्कं हवं असेल तर अठरा टक्के जास्त लागतील असं गॅरेजवाला म्हणाला होता. ती तक्रार कुणी मला फोनही न करता बंद केली. आणि ज्याने चिकटपट्टी शोधली तो मेकॅनिक लेखी द्यायला तयार नाही, "धंद्यातली माणसं आहेत, माझं नाव नको." त्याचा राग येतो, पण त्याच्यामुळेच मी वाचलो.

गाडी गॅरेजमध्ये सोडण्याआधी मॉड्यूलच्या लेबलचा आणि नटांचा फोटो काढा. जुना भाग परत घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. आधी चारही चाकांचे सेन्सर, त्यांच्या वायरी, कनेक्टर आणि बॅटरीचा व्होल्टेज तपासायला लावा, मॉड्यूलचं नाव शेवटी. नुसता पिवळा दिवा असेल तर साधा ब्रेक चालतो, सांभाळून घरी येता येतं. सोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला तर गाडी तिथेच थांबवा.

ग्राहक संरक्षण कायद्यानुसार २ वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही. मी जिल्हा आयोगाकडे अर्ज केला आहे. पैसे दिल्याचे मोबाइलवरचे व्यवहार, चिकटपट्टीचा फोटो आणि कच्चं बिल जोडलं आहे. निकाल लागेपर्यंत गॅरेजचं नाव लिहू नका असं वकिलाने बजावलंय, म्हणून लिहीत नाही.