पावतीवरचे नाव मी वाचून घेतले नाही

बेळगावच्या उद्यमबागेतील एका फौंड्रीत 31 वर्षे काम करून मी 2023 साली निवृत्त झालो, तेव्हा प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून 6 लाख रुपये हाती आले आणि पेन्शन बसली दरमहा 2,340 रुपये. तेवढ्यात आम्हा नवरा-बायकोचे घर चालणे शक्य नव्हते, त्यामुळे सारी भिस्त त्या 6 लाखांच्या व्याजावर होती.

पोस्टातील ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 8.2 टक्क्यांनी महिन्याकाठी सुमारे 4,100 रुपये पडत होते. गल्लीत रोज संध्याकाळी पिग्मी, म्हणजे रोजची छोटी बचत, गोळा करायला येणारा तरुण मात्र आपल्या संस्थेत 12 टक्के, म्हणजे महिन्याला 6,000 रुपये मिळतील असे सांगत होता. वरच्या 1,900 रुपयांत हिच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि गॅस सिलिंडर भागत होता, आणि मी तिथेच गुंतलो. तो आमच्याशी मराठीत बोलायचा, हिला मावशी म्हणायचा. मी मुद्दाम विचारले, तेव्हा तो म्हणाला, "काका, पाच लाखांपर्यंत सरकारी विमा आहे, निर्धास्त राहा."

हे धडधडीत खोटे होते. 5 लाखांचे ते संरक्षण 2020 पासून आहे, पण ते बँकांतील ठेवींना. सौहार्द सहकारी संस्था (कर्नाटकातील एक प्रकारच्या सहकारी संस्था) आणि पतसंस्था यांच्या ठेवींना ते मिळत नाही. अशा संस्थांनी नावापुढे 'बँक' लावू नये आणि त्यांच्या ठेवींना विमा नाही, हे रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2021 मध्येच जाहीर केले होते. माझ्यापर्यंत ते पोहोचले नाही.

14 महिने व्याज तारखेला जमा झाले. पुढे सर्व्हर बंद आहे, ऑडिट चालू आहे, अशी उत्तरे येऊ लागली आणि एके दिवशी शटर उघडलेच नाही. त्या रात्री कन्नड शाळेत जाणाऱ्या नातवाला मी पावती वाचायला दिली. बोट ठेवून त्याने वाचले, "सौहार्द सहकारी नियमित". त्यात बँक हा शब्द कुठेच नव्हता. 'नियमित' म्हणजे आपल्याकडचे 'मर्यादित', हेही त्यानेच सांगितले. मला कन्नड बोलता येते, वाचता येत नाही. आपल्या सीमाभागात माझ्या वयाच्या अनेकांची हीच स्थिती आहे आणि सही करताना आम्ही लाजेने ते बोलत नाही. कृपया बोला, आणि घरातल्या शिकलेल्या मुलाकडून कागद वाचून घेतल्याशिवाय सही करू नका.

कर्नाटकात ठेवीदारांच्या हितरक्षणाचा 2004 चा कायदा आहे. त्याचा आधार घेऊन आम्ही काही ठेवीदारांनी एकत्र तक्रार दिली आहे. तक्रारीला मूळ पावती लागते. आमच्या गल्लीतील दोघांनी नूतनीकरणासाठी म्हणून ती त्याच तरुणाच्या हाती दिली होती, आणि आज त्यांच्याजवळ दाखवायला झेरॉक्ससुद्धा नाही.