शत्रूचे संरक्षक झाले तेव्हा : बर्लिनचे अलाइड म्युझियम

पराभूत शहराने आपल्या एका प्रशस्त रस्त्याला जेत्या सैन्याच्या लष्करी गव्हर्नरचे नाव द्यावे, आणि तेही दुसरे महायुद्ध संपून चार वर्षे होत असताना, ही इतिहासात सहसा न आढळणारी गोष्ट आहे. अमेरिकेचे जनरल ल्युशियस क्ले यांच्या नावाच्या त्या क्लेअली रस्त्यावरच बर्लिनचे अलाइड म्युझियम आहे. युद्धानंतर बर्लिन अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि सोव्हिएत संघ या चार जेत्यांत विभागले गेले; त्यांपैकी पहिल्या तीन पाश्चात्त्य ('अलाइड') राष्ट्रांच्या १९९४पर्यंतच्या तिथल्या वास्तव्याचे हे संग्रहालय. अमेरिकन सैनिकांसाठी बांधलेले 'आउटपोस्ट' हे चित्रपटगृह आणि शेजारचे त्यांचे ग्रंथालय या दोन इमारतींत १९९८ पासून मांडलेले हे प्रदर्शन विनामूल्य असून सोमवारी बंद असते.

चित्रपटगृहातला १९४५ ते १९५० या काळाचा विभाग मला सर्वांत सरस वाटला. अमेरिकन सैनिकांना सुरुवातीला जर्मनांशी मैत्री करण्याची मनाई होती आणि अमेरिकन क्षेत्रातील नागरिकांना नाझी भूतकाळाविषयी १३१ प्रश्नांची प्रश्नावली भरून द्यावी लागत होती, हे लक्षात ठेवून पुढे गेले की १९४८च्या नाकेबंदीचा अर्थ नीट उमगतो. जून १९४८मध्ये सोव्हिएत सत्तेने पाश्चात्त्यांच्या ताब्यातील पश्चिम बर्लिनकडे येणारे जमिनीवरचे मार्ग बंद केल्यानंतर पावणेतीन लाखांहून अधिक उड्डाणांनी वीस लाख टनांपेक्षा जास्त माल तिथे पोहोचवला, आणि त्यात सर्वाधिक वाटा अन्नाचा नसून कोळशाचा होता. थोड्याच वर्षांपूर्वी याच आकाशातून बॉम्ब पडत होते. पश्चिम जर्मनी १९५५मध्ये नाटोत सामील झाला तो केवळ सोव्हिएत भीतीपोटी नव्हे. परकीय सैन्य आपल्या बाजूने उभे राहू शकते हा अनुभव जनतेच्या गाठीशी होता, हे अंगणातले ब्रिटिश हेस्टिंग्ज विमान पाहताना पटते.

ग्रंथालयातला १९९४पर्यंतचा विभाग मात्र हेरगिरीकडे जरा जास्तच झुकलेला आहे. सोव्हिएत दूरध्वनी चोरून ऐकण्यासाठी पाश्चात्त्य हेरांनी खणलेल्या बर्लिनच्या गुप्त बोगद्याचा खरा तुकडा आणि पूर्व-पश्चिम बर्लिनच्या सीमेवरील चेकपॉइंट चार्ली या नाक्यावरची मूळ चौकी पाहायला गर्दी होणे साहजिक आहे. पण पश्चिम बर्लिनमधील तरुणांना, जेत्या राष्ट्रांच्या ताब्यातील शहर या विशेष दर्जामुळे, पश्चिम जर्मनीतली सक्तीची लष्करी सेवा लागू नव्हती, आणि म्हणून ती टाळू पाहणारे कितीतरी तरुण इथे राहायला येत, यांसारखे सामाजिक परिणाम मला बोगद्याहून अधिक मोलाचे वाटतात.

विषयच पाश्चात्त्य राष्ट्रे आणि जर्मनी असा ठरवल्यामुळे काही मोठ्या गोष्टी चौकटीबाहेर राहतात. बॉनमधील पश्चिम जर्मन सरकारने १९५२मध्ये लक्झेंबर्ग करारान्वये, नाझींनी ज्यूंवर केलेल्या अत्याचारांची भरपाई म्हणून, इस्राएलला तीन अब्ज मार्क देण्याचे मान्य केले आणि पुढच्या वर्षी संसदेतली मंजुरी विरोधी सोशल डेमोक्रॅट पक्षाच्या मतांमुळेच शक्य झाली. युद्धोत्तर परराष्ट्रधोरणाचा हा नैतिक पैलू समजून घेण्यासाठी वेगळे वाचन करावे लागते. चौथे विजयी राष्ट्र असलेला सोव्हिएत संघही येथे मुख्यतः प्रतिपक्ष म्हणूनच उभा आहे. त्यामुळे हे संग्रहालय अवश्य पाहावे, पण शक्य झाल्यास आधी शहराच्या पूर्वेकडील कार्ल्सहोर्स्टचे संग्रहालय पाहावे. ८ मे १९४५च्या रात्री जर्मन सैन्याच्या शरणागतीवर सह्या झाल्या ती वास्तू तीच.