दोन टक्के की दुप्पट: रेडिएशन फिजिक्समधल्या तीन वाटा

‘रेडिएशन फिजिसिस्ट व्हायचं ठरलंय, पण नक्की कुठे जाऊ?’ भौतिकशास्त्र शिकणारी मुलंमुली मला हे वरचेवर विचारतात. त्यांच्यासमोर साधारण तीन वाटा असतात. एक रुग्णालयाची, म्हणजे मेडिकल फिजिसिस्ट होऊन रेडिओथेरपी विभागात, जिथे किरणांनी कॅन्सरवर उपचार होतात तिथे, काम करण्याची. दुसरी रेडिएशन सेफ्टीची, म्हणजे किरणांपासून माणसांना वाचवण्याची, जिला जुनी मंडळी हेल्थ फिजिक्स म्हणतात. तिसरी संशोधनाची. मी अकरा वर्षं रुग्णालयात होते आणि नंतर सेफ्टीत आले. संशोधन शेजारी बसून पाहिलंय, स्वतः थोडंच केलंय. तेव्हा तिसऱ्या वाटेबद्दल मी कमी बोलेन.

तिन्हीकडे पाया एकच आहे. फोटॉन किंवा इलेक्ट्रॉन पदार्थातून जाताना आपली ऊर्जा कुठे आणि किती टाकतो, हे मोजायचं. पण आकड्यांची पातळी बघा. रेडिओथेरपीत रोजचा एक फ्रॅक्शन, म्हणजे उपचाराचा एक हप्ता, बहुधा २ ग्रेचा असतो (ग्रे म्हणजे दर किलोमागे शोषल्या गेलेल्या ऊर्जेचं, डोसचं, एकक) आणि अनेक गाठींना सगळे मिळून ६० ते ७० ग्रे दिले जातात. सेफ्टीत हिशेब मिलिसिव्हर्टचा. सिव्हर्ट म्हणजे त्याच डोसमुळे शरीराला असलेल्या धोक्याचं एकक, आणि मिलिसिव्हर्ट त्याचा हजारावा भाग. आंतरराष्ट्रीय शिफारशीप्रमाणे रेडिएशनमध्ये काम करणाऱ्यासाठी पाच वर्षांची सरासरी धरून वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, कुठल्याही एका वर्षात ५० पेक्षा जास्त नाही आणि सामान्य माणसासाठी वर्षाला १. म्हणजे एकाच विषयात शिकलेल्या दोन माणसांपैकी एक जण गाठीवर ६० ग्रे नेमके उतरवण्यासाठी झटतो आणि दुसरा शेजारच्या खोलीतल्या कारकुनाचा अर्धा मिलिसिव्हर्ट वाचावा म्हणून भिंत जाड करायला लावतो.

ही दोन कामं करणाऱ्यांचे स्वभाव वेगळे लागतात, हे मला फार उशिरा कळलं. पगार, सुट्ट्या, बदल्या यांची चौकशी सगळेच करतात आणि ती करायलाच हवी. पण त्याआधी स्वतःला विचारा, की कुठल्या प्रकारची अनिश्चितता घेऊन तुम्हाला रात्री झोप लागेल?

रुग्णालय: टक्क्यांचं जग

रुग्णालयातला दिवस पहिला रुग्ण येण्याच्या आधी सुरू होतो. लिनॅकचा, म्हणजे उपचाराची किरणं देणाऱ्या यंत्राचा, आउटपुट (किरणांचा जोर) तपासायचा, भिंतीवरचे लेसर जागेवर आहेत ना ते बघायचं, दरवाजाचे इंटरलॉक, म्हणजे दार उघडलं की किरणं थांबवणारी यंत्रणा, चालतात ना ते पाहायचं. मग प्लॅन. गाठ कुठे आणि डोस किती, हे डॉक्टर ठरवतात. तो डोस तिथे पोचवायचा आणि वाटेत पाठीचा कणा, फुप्फुस, लाळग्रंथी वाचवायच्या, ही जबाबदारी तुमची. गुंतागुंतीच्या प्लॅनची प्रत्यक्ष मोजणी यंत्र मोकळं झाल्याशिवाय करता येत नाही. म्हणजे शेवटचा रुग्ण गेल्यावर, संध्याकाळी. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा.

१९७६ मध्ये आयसीआरयू या आंतरराष्ट्रीय आयोगाने शिफारस केली, की रुग्णाला मिळणारा डोस ठरलेल्या डोसच्या ५ टक्क्यांच्या आत असावा. या पाच टक्क्यांत सगळं बसवायचं असतं: यंत्राचं कॅलिब्रेशन (ते नेमका किती डोस देतं हे मोजून ठरवणं), प्लॅनिंगचं गणित, रुग्णाचं थोडं हलणं. त्यामुळे कॅलिब्रेशनच्या वाट्याला फार तर एक-दोन टक्के उरतात.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका संध्याकाळी माझं आउटपुटचं वाचन १.७ टक्के जास्त आलं. मर्यादेच्या आत होतं, सही करून घरी जाता आलं असतं. मन मानेना म्हणून थांबले. तासाभराने लक्षात आलं, की फॅन्टमची, म्हणजे मोजणीत शरीराच्या जागी वापरायची, पाण्याची टाकी नुकतीच भरली होती आणि पाणी खोलीपेक्षा पाच अंशांनी गार होतं. थर्मामीटर मात्र बाहेर हवेत लटकत होता. आयन चेंबरमधली, म्हणजे पाण्यात बुडवलेल्या डोस मोजणाऱ्या उपकरणातली, हवा पाण्यामुळे गार झाली, गार म्हणून दाट झाली, दाट हवेत चार्ज जास्त गोळा झाला आणि मी दुरुस्ती लावत होते खोलीच्या तापमानाची. यंत्र ठीकच होतं. वाचन खरं मानून आउटपुट ‘सुधारला’ असता, तर दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक रुग्णाला तेवढा डोस कमी गेला असता आणि कुणालाही पत्ता लागला नसता.

१९५१ साली कॅनडात दोन शहरांत जवळजवळ एकाच वेळी कोबाल्ट-६० ची युनिट्स, म्हणजे किरणोत्सारी कोबाल्ट वापरून उपचार करणारी यंत्रं, बसली. ऑन्टारिओतल्या लंडनमध्ये २७ ऑक्टोबरला पहिल्या रुग्णावर उपचार झाले. सास्काटूनमधलं युनिट ऑगस्टमध्येच आलं होतं, पण तिथले फिजिसिस्ट हॅरल्ड जॉन्स यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी आधी मोजण्या पुऱ्या केल्या आणि ८ नोव्हेंबरला पहिला रुग्ण घेतला. त्या मोजण्या करणाऱ्यांत सिल्व्हिया फेडोरुक ही तरुण मुलगी होती. शरीरात किती खोलीवर किती डोस पोचतो, याची त्या गटाने केलेली कोष्टकं पुढे जगभर वापरली गेली. (फेडोरुक नंतर सस्कॅचेवान प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नर झाल्या. या पेशातून तिथवर गेलेलं दुसरं नाव मला माहीत नाही.) आपण पहिले ठरणार नाही हे दिसत असताना जो आणखी एक वाचन घेतो, त्याने रुग्णालयात यावं.

या वाटेचा भारही सांगायला हवा. १९८८ मध्ये इंग्लंडमधल्या एक्झेटरला नव्या कोबाल्ट सोर्सच्या (यंत्रातल्या किरणोत्सारी तुकड्याच्या) कॅलिब्रेशनमध्ये चूक झाली आणि २०७ रुग्णांना सुमारे २५ टक्के जास्त डोस गेला. एक आकडा चुकला आणि मागोमाग प्रत्येक रुग्णाचा डोस चुकत गेला. म्हणूनच आता दुसऱ्या फिजिसिस्टने स्वतंत्रपणे तपासल्याशिवाय नवं यंत्र सुरू करत नाहीत. तुमचं काम कुणी पुन्हा तपासलं की तुम्हाला अपमान वाटत असेल, तर इथे येऊ नका.

आणि मोलही इथेच कळतं. थेरॅक-२५ या रेडिओथेरपीच्या यंत्राने १९८५ ते १९८७ दरम्यान सहा रुग्णांना भयंकर जास्त डोस दिला. कंपनीला दोष पुन्हा घडवून दाखवता येत नव्हता. टेक्सासमधल्या टायलरच्या रुग्णालयात तिथला फिजिसिस्ट आणि यंत्र चालवणारी ऑपरेटर पुन्हा पुन्हा तीच माहिती टाइप करत बसले. अखेर सापडलं: चुकून निवडलेला मोड ऑपरेटरने फार झपाट्याने बदलला, तर सॉफ्टवेअरला तो बदल पुरता कळतच नव्हता. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन कीबोर्डवर एकाच ओळीची घोकंपट्टी करत बसणं कुणाला हलकं वाटेल. मला त्या दोघांबद्दल अतोनात आदर आहे.

सेफ्टी: दुपटीचं जग

सेफ्टीत आल्यावर मला पहिला धक्का बसला तो मोजमापांच्या ढिलाईचा. सर्व्हे मीटरमध्ये, म्हणजे जागेवरचं रेडिएशन मोजणाऱ्या हातातल्या मीटरमध्ये, २० टक्के इकडेतिकडे हे चालून जातं. कुणाच्या पोटात गेलेल्या किरणोत्सारी धुळीचा डोस काढायचा तर अंदाजात दुपटीचा फरक राहू शकतो आणि तरी आजच्या आज निर्णय द्यावा लागतो. रुग्णालयात मी १.७ टक्क्यांसाठी संध्याकाळ घालवली होती. इथे ‘एक ते तीन मिलिसिव्हर्टच्या दरम्यान’ असं लिहून खाली सही करायला शिकले. शिकायला दोन वर्षं लागली.

या वाटेवर जागा नाना प्रकारच्या आहेत: अणुवीजकेंद्रं, नियामक संस्था, वैद्यकीय साहित्य निर्जंतुक करणारे गॅमा प्लांट, वेल्डिंगचे जोड किरणोत्सारी इरिडियमने तपासणारी इंडस्ट्रियल रेडिओग्राफी, मोठ्या रुग्णालयांतलं रेडिएशन सेफ्टी ऑफिसरचं पद. काम म्हणजे सर्व्हे, बॅजच्या (अंगावर लावलेल्या, डोस नोंदवणाऱ्या बिल्ल्याच्या) नोंदी, सोर्सचा हिशेब, परवान्यांचे कागद, सराव, प्रशिक्षण आणि भिंतींचं गणित. भिंतीपलीकडे कोण बसतं, दिवसातून किती वेळ बसतं, पुढे तिथे काय होणार आहे, हे विचारत फिरावं लागतं. कागद खूप. पण त्यातही काम थांबवायचं जड जातं. पाळी चालू आहे, पर्यवेक्षक तुमच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा आहे, आणि ‘हा दरवाजा दुरुस्त होईपर्यंत सोर्स बाहेर येणार नाही’ असं शांतपणे सांगायचं. मला ते डोसच्या कुठल्याही गणितापेक्षा अवघड गेलं.

सप्टेंबर १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानिया शहरात एका सोडून दिलेल्या उपचार केंद्रातलं किरणोत्सारी सीझियम-१३७ भंगारवाल्यांच्या हाती लागलं. निळसर चमकणारी पूड घरोघरी पोचली. दोन आठवड्यांनी एका डॉक्टरला शंका आली आणि शहरात आलेल्या एका मेडिकल फिजिसिस्टला बोलावलं गेलं. त्याने भूगर्भ सर्वेक्षणातला मीटर उसना घेतला. वाटेत तो सुरू केला तर काटा थेट टोकाला, कुठल्याही दिशेला धरला तरी तिथेच. मीटर बिघडला असणार म्हणून तो परत गेला आणि दुसरा घेऊन आला. दुसराही तेच सांगत होता. त्यानंतर त्याने टक्केवारी काढली नाही. माणसं हटवली आणि तो सोर्स उचलून नदीत टाकायला निघालेल्या अग्निशमन दलाला थांबवलं. पुढे १ लाख १२ हजारांहून जास्त लोकांची तपासणी झाली, २४९ जण दूषित आढळले, चौघांचा जीव गेला. तो सोर्स नदीत गेला असता तर काय झालं असतं, याचा विचार मी दर प्रशिक्षणात मुलांना करायला लावते.

म्हणजे अपुऱ्या माहितीवर, पण भक्कम भौतिकशास्त्राच्या आधारावर झटकन पाऊल उचलता येणारा माणूस इथे हवा. रुग्णालयातला उत्तम फिजिसिस्ट इथे गुदमरू शकतो आणि इथला तिथे. दोघांपैकी कुणीही कमी हुशार नसतो.

संशोधन

इथे अनिश्चितता हाच मुख्य माल. सध्याचं उदाहरण फ्लॅश रेडिओथेरपीचं. सगळा डोस सेकंदाच्या अंशात, ४० ग्रे प्रतिसेकंद किंवा त्याहून जास्त वेगाने दिला तर निरोगी ऊतींना इजा कमी होते, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं. २०१८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानला पहिल्या माणसावर असे उपचार झाले. पण इतक्या वेगात आयन चेंबरच अडखळतो. आयन गोळा होण्याआधी एकमेकांत मिसळून जातात आणि वाचन कमी येतं. म्हणजे आधी मोजायचं कसं, हेच शोधायला हवं. हे वाचून अंगावर काटा आला असेल तर तुमची वाट ठरली.

मात्र धीर लागतो. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट विल्सन यांनी प्रोटॉन उपचारासाठी वापरावेत असं १९४६ मध्ये सुचवलं. बर्कलीला पहिला रुग्ण १९५४ मध्ये आणि खास रुग्णालयासाठी बांधलेलं पहिलं प्रोटॉन केंद्र लोमा लिंडाला, १९९० मध्ये. पीएचडी, मग काही वर्षांच्या तात्पुरत्या जागा, बहुधा गावं बदलत. स्थैर्य उशिरा येतं.

आईवडिलांचा प्रश्न

‘शरीराला काही होणार नाही ना?’ हा प्रश्न घरातून येणारच. लिनॅक बंद केला की किरणं बंद. जास्त ऊर्जेच्या यंत्रात काही भाग थोडा वेळ किरणोत्सारी राहतात, तेवढंच. जगात प्रत्येक माणसाला निसर्गातूनच वर्षाला सरासरी २ ते ३ मिलिसिव्हर्ट मिळतात. रेडिओथेरपीतल्या माझ्या बॅजवर त्यापलीकडे लिहिण्यासारखं क्वचितच काही आलं. न्यूक्लिअर मेडिसिन (किरणोत्सारी औषधं देणारा विभाग), अणुवीजकेंद्रातली देखभाल आणि इंडस्ट्रियल रेडिओग्राफी इथे आकडे वाढतात, म्हणून तिथे शिस्त जास्त. गरोदरपण कळवलं की उरलेल्या काळात बाळाला साधारण १ मिलिसिव्हर्टच्या पुढे जाऊ न देण्याची जबाबदारी संस्थेची असते. मी त्या महिन्यांत ब्रॅकिथेरपीचा (शरीराच्या आत सोर्स ठेवून करायच्या उपचाराचा) सोर्स बदलण्याचं काम सहकाऱ्याकडे दिलं, बाकी सगळं चालू ठेवलं. मनावरचा ताण मात्र बॅजवर दिसत नाही. रुग्णालयात तो चुकीच्या भीतीचा असतो, सेफ्टीत एकटेपणाचा.

दार कुठून उघडतं

रुग्णालयासाठी पदव्युत्तर पदवी आणि त्यावर अनुभवी फिजिसिस्टच्या हाताखाली निदान दोन वर्षांचं क्लिनिकल प्रशिक्षण, असं आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था सुचवते. नियम देशागणिक बदलतात, पण प्रशिक्षणाच्या जागा सगळीकडे मोजक्याच. खरी चुरस पदवीच्या प्रवेशाला नाही, त्या जागांसाठी असते. सेफ्टीत पुष्कळ ठिकाणी पदवीनंतरही शिरता येतं आणि परीक्षा देत, अनुभव घेत वर जाता येतं. संशोधनाला पीएचडीवाचून पर्याय नाही.

पुढच्या वीस वर्षांचं म्हणाल तर अवयवांच्या सीमा आखणं आणि साधे प्लॅन करणं हे काम संगणक झपाट्याने उचलतोय. फक्त प्लॅनिंग आवडतं म्हणून रुग्णालयात येणार असाल तर थांबा. मोजणं, यंत्र स्वीकारणं किंवा नाकारणं आणि ‘आज हा रुग्ण या यंत्रावर घ्यायचा नाही’ हे सांगणं माणसाकडेच राहील असं मला वाटतं. ल्युटेशियम-१७७ सारख्या किरणोत्सारी औषधांमुळे न्यूक्लिअर मेडिसिनमध्येही प्रत्येक रुग्णाचा डोस मोजणारी माणसं लागणार आहेत. ती चौथी वाट म्हणा हवं तर. तिकडे लक्ष ठेवा.

रुग्णालय आणि सेफ्टी यांत मन खरोखर अडकलं असेल, तर माझं मत आधी रुग्णालयाच्या बाजूने आहे. क्लिनिकल प्रशिक्षण घेतलेल्या माणसाला नंतर सेफ्टीत येता येतं, मी आले. उलट जायचं तर ती दोन वर्षं चाळिशीत, शिकाऊ म्हणून, विशीतल्या मुलांबरोबर पुन्हा काढावी लागतात. मात्र काम थांबवायला सांगताना तुमचा आवाज आजच कापत नसेल, आणि मीटरचा काटा टोकाला गेला की दुसरा मीटर आणायला तुमचे पाय आपोआप वळत असतील, तर माझं ऐकू नका. सरळ सेफ्टीत या. तिथे अशी माणसं नेहमीच कमी पडतात.