४८ची गाडी ५१ दाखवत होती

वापरलेली गोल्फ कार्ट घेताना मी फसलो. एकदा नव्हे, दोनदा. दुसऱ्यांदाही त्याच माणसाकडून, म्हणून हे लिहायला इतके दिवस लागले.

आमचं आवार मोठं आहे आणि वडिलांचे गुडघे गेलेत. पण पार शेवटच्या टोकापर्यंत चक्कर मारल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. एक फेरी चार किलोमीटरची, मध्ये एक बऱ्यापैकी चढ. दिवसाला तीन फेऱ्या धरल्या तर बारा किलोमीटर. नवी कार्ट घेण्याइतकी ऐपत नव्हती, म्हणून जुनी शोधत होतो. जाहिरातीत लिहिलं होतं, "४८ व्होल्ट, बॅटऱ्या गेल्या वर्षीच टाकलेल्या, एका चार्जमध्ये ५० किलोमीटर." बाराच्या जागी पन्नास म्हणजे चैनच, असं वाटलं.

बघायला गेलो तेव्हा गाडी धुऊन-पुसून उभी होती. डॅशबोर्डवरच्या बॅटरीच्या मीटरचे सगळे दिवे पेटलेले. विकणाऱ्याने सीट उचलून दाखवली. खाली आठ-आठ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या, काळ्याभोर चकचकीत, प्रत्येकीवर कोरं स्टिकर आणि त्यावर मार्करने लिहिलेली तारीख. टर्मिनलवर लाल ग्रीसचा जाड थर. मला वाटलं, किती निगा राखलीय! मग त्याने मल्टिमीटर लावला आणि म्हणाला, "बघा दादा, ४८ची गाडी ५१.८ दाखवतेय. अजून काय पाहिजे?"

खरंच, अजून काय पाहिजे! ४८ मागितले आणि जवळजवळ ५२ मिळाले, मी खूश. चार्जरची केबल हाताला कोमट लागली होती, हे मला घरी आल्यावर आठवलं.

शिशाच्या बॅटऱ्यांच्या ४८ व्होल्टच्या संचात ४८ हे नुसतं नाव आहे. संच पूर्ण भरलेला आणि काही तास निवांत ठेवलेला असेल तर साधारण ५०.९ दाखवतो. अर्धा रिकामा झाला की ४८.४ च्या आसपास. म्हणजे भरलेला आणि अर्धा यांत फरक फक्त अडीच व्होल्टचा, आणि मीटरवर बरोब्बर ४८ दिसले तर अर्ध्याहून जास्त माल संपलेला असतो. चार्जर काढल्या काढल्या आकडा ५१-५२ च्या पुढे दिसतो तो वरवरचा फुगवटा. थोडी गाडी पळवली किंवा रात्रभर ठेवली की तो उतरतो. मेलेल्या बॅटऱ्याही चार्जरवरून काढल्यावर पहिली दहा मिनिटं ऐटीत असतात. माझी चाचणी-फेरी बरोबर दहा मिनिटांची होती, सपाट रस्त्यावर. "चढ नाही का कुठे इथे?" असं मी विचारलं होतं. "आहे ना, पण तिकडे काम चालू आहे," म्हणाला.

गाडी घरी आली. पहिली फेरी झकास. दुसऱ्या फेरीत चढावर गाडी रडायला लागली. मीटरचे दिवे पटापट विझले, एकच लाल राहिला. वडिलांना उतरवलं, गाडी कडेला घेतली. वीस मिनिटांनी बघतो तर अर्ध्याहून जास्त दिवे पुन्हा पेटलेले! म्हटलं, तापली असेल. पुन्हा चढावर घातली, पुन्हा तेच. एकूण सहा किलोमीटर झाले होते.

फोन केला तर उत्तर तयार होतं. "नव्या बॅटऱ्या आहेत, मुरायला वेळ लागतो." या वाक्याला मी पंधरा दिवस बळी पडलो, कारण ते निम्मं खरं आहे. डीप सायकल बॅटरी, म्हणजे रोज बरीच रिकामी करून पुन्हा भरायची बॅटरी, नवी असताना पूर्ण ताकद देत नाही, पन्नासेक वेळा चार्ज-डिस्चार्ज झाल्यावर ती फुलते. पण त्यामुळे पन्नास किलोमीटरचे पंचेचाळीस होतील, सहा नाही. फसवणारा माणूस निव्वळ थाप मारत नाही, खऱ्या गोष्टीला आपलं ठिगळ लावतो.

शेवटी भाचा आला. त्याने आधी मीटरच निकालात काढला. "मामा, हे दिवे बॅटरीत किती माल आहे ते सांगत नाहीत, फक्त व्होल्टेज सांगतात." मग मल्टिमीटरच्या वायरी लांब करून तो मागे बसला आणि मी गाडी चढावर घातली. एकेका बॅटरीवर एकेक खेप. पाच बॅटऱ्या ताणाखाली साडेसातच्या वर टिकल्या. सहावी धाडकन ५.९ वर आली. थांबल्यावर तीच बॅटरी ८.३ दाखवत होती, शहाण्या मुलासारखी.

मग हायड्रोमीटर, ॲसिडची घनता मोजायची नळी. आठ व्होल्टच्या बॅटरीत चार सेल, म्हणजे कप्पे असतात, प्रत्येकाला वेगळं झाकण. भरलेल्या सेलमधल्या ॲसिडची घनता १.२६५ ते १.२७७ यायला हवी. त्या बॅटरीचे तीन सेल १.२६० आणि चौथा १.१४०. सेलसेलमध्ये ०.०५० पेक्षा जास्त फरक पडला की ती बॅटरी गेली समजायची. इथे ०.१२० चा फरक होता. एकाच साखळीत जोडलेल्या चोवीस सेलपैकी एक बसला, की बाकीचे तेवीस त्याच्या चालीने चालतात.

आणखी एक गंमत. मी गाडी घेतली त्या दिवशी सगळे सेल पाण्याने काठोकाठ भरलेले होते. पाणी वेळच्या वेळी टाकतो बिचारा, असं मला वाटलं होतं. नुकतं टाकलेलं पाणी वरच तरंगतं, चार्जिंगमध्ये बुडबुडे आल्याशिवाय ॲसिडमध्ये नीट मिसळत नाही. म्हणजे त्या दिवशी मी हायड्रोमीटर घेऊन गेलो असतो तरी धड आकडा मिळाला नसता. प्लेटा उघड्या पडल्या नसतील तर पाणी चार्ज झाल्यावर टाकायचं असतं, तेही काठापासून खाली राखून. नाहीतर पहिल्याच चार्जिंगला ॲसिड उतू जातं. आमच्या गाडीत गेलंच. बॅटऱ्यांखालच्या ट्रेवरचा नवा रंग आठवड्यात सोलला आणि खालचा जुना गंज वर आला.

भाच्याने टर्मिनलवरचं ग्रीस खरवडलं. खाली शिशावर कोड ठोकलेला होता, एक अक्षर आणि एक आकडा. बऱ्याच बॅटऱ्यांवर अक्षर म्हणजे महिना आणि आकडा म्हणजे वर्षाचा शेवटचा अंक. चार बॅटऱ्यांवर एक कोड, दोघींवर दुसराच. स्टिकरवरच्या तारखेशी एकही जुळत नव्हता. चार बॅटऱ्या पाच वर्षांच्या होत्या आणि दोन सहा वर्षांच्या. शिशाच्या बॅटरीचं आयुष्य नीट राखली तर चार ते सहा वर्षं. ग्रीस गंज लागू नये म्हणून लावतात हे खरंच आहे, पण तेच नेमकं आकड्यावरही बसलेलं होतं.

आता माझा दुसरा गाढवपणा. मी त्याला पुन्हा फोन केला, जरा चढ्या आवाजात. तो शांतपणे म्हणाला, "एक बॅटरी गेली असेल तर ती तेवढी बदला, बाकी सेट ठणठणीत आहे. माझ्याकडे एक नवी पडून आहे, तुम्हाला म्हणून स्वस्तात देतो." मी घेतली! भाच्याला विचारलं नाही, कारण त्याने नकोच म्हटलं असतं. गाडी पंधरा किलोमीटर चालू लागली आणि मी जग जिंकलं. नव्याचे नऊ दिवस असतात, माझे सात आठवडे निघाले. मग दुसरी एक बसली. जुन्या पाचांमध्ये एक नवी घातली की संचाची ताकद सगळ्यात कमजोर बॅटरीएवढीच राहते. चार्जर मात्र सगळ्यांना एकाच मापाने मोजतो, त्यामुळे जुन्या नीट भरतात ना नवी. संच बदलायचा तर अख्खा, एका बनावटीचा, एका महिन्याचा.

दुसरी बसलेली पहिलीच्या अगदी शेजारची होती. भाच्याने वायरी तपासल्या तेव्हा कारण सापडलं. दिवे, हॉर्न आणि कुणीतरी हौसेने बसवलेला स्पीकर, सगळ्यांची वायर त्या दोघींमधूनच काढलेली होती. अख्ख्या ४८ व्होल्टवरून कन्व्हर्टर लावून १२ करायचे, तर त्याऐवजी दोन बॅटऱ्यांचे १६ घेऊन भागवलेलं. त्या दोघी बाकीच्यांपेक्षा रोज जास्त रिकाम्या होत होत्या आणि कधीच पूर्ण भरत नव्हत्या. गाडी बघायला जाल तेव्हा सीटखालून मधल्याच टर्मिनलवरून बारीक वायरी निघालेल्या दिसल्या तर तिथेच थांबा.

त्या ५० किलोमीटरचा हिशेब मी नंतर केला आणि तो पूर्ण खोटा नव्हता, हे कळल्यावर जास्त चीड आली. बॅटरीत किती माल मावतो ते अँपिअर-अवरमध्ये मोजतात. माझ्या बॅटरीवर १७० अँपिअर-अवर छापलेलं असतं, पण तो आकडा २० तासांत हळूहळू, म्हणजे साडेआठ अँपिअरने रिकामी केली तर मिळतो. गाडी सपाटीवर पन्नासेक अँपिअर ओढते, माझ्या चढावर दीडशे. पाच तासांच्या हिशेबाने त्याच बॅटरीत १४० च्या आसपास उरतात. १४० गुणिले ४८, म्हणजे साधारण ६,७०० वॉट-अवर. माझ्या गाडीला किलोमीटरला सव्वाशे लागतात. भागाकार केला की त्रेपन्न येतात! म्हणजे कोऱ्या बॅटऱ्या, सपाट रस्ता, एकटा माणूस आणि शेवटच्या थेंबापर्यंत पिळणं. पण शिशाची बॅटरी रोज अर्ध्याच्या खाली नेली तर तिचं आयुष्य भराभर घटतं. म्हणून नव्या संचाचाही कामाचा पल्ला २६-२७ किलोमीटर. जुन्याचा किती, ते चढच सांगतो.

मग लिथियमकडे वळलो. तिथेही एक गाठ पडलीच. कुणीतरी वापरलेला लिथियम पॅक विकत होता, खोक्यावर १०५ अँपिअर-अवर, मीटरवर ५३ व्होल्ट. या वेळी मी भाच्याला घेऊन गेलो. अशा पॅकमध्ये असतं त्या लिथियम आयर्न फॉस्फेटचं व्होल्टेज भरलेल्यापासून जवळजवळ संपेपर्यंत सपाट राहतं, त्यामुळे ५३ या आकड्याला काडीची किंमत नाही. त्यातून क्षमता तर मुळीच कळत नाही. खात्री करायचा एकच मार्ग आहे. पूर्ण भरायचा, ठरावीक लोड लावायचा आणि बीएमएस, म्हणजे पॅक सांभाळणारं आतलं सर्किट, वीज तोडेपर्यंत किती अँपिअर-अवर बाहेर पडले ते मोजायचं. आम्ही तसं म्हटल्यावर त्याने खोक्यावर हात ठेवला. "सील तुटेल," म्हणाला. लोड टर्मिनलला लावायचा असतो, सीलचा काय संबंध? वर बीएमएसवर सलग १०० अँपिअर लिहिलेलं होतं. माझा चढ दीडशे मागतो. पॅक खरा असता तरी गाडी चढावर मध्येच बंद पडली असती. आम्ही परत आलो.

शेवटी नवा घेतला. ५१.२ व्होल्ट, १०५ अँपिअर-अवर, बीएमएस सलग २०० अँपिअरचा, सोबत त्याचाच चार्जर. जुना चार्जर त्याला चालत नाही, शिशाच्या आणि लिथियमच्या चार्जिंगची रीत वेगळी. डॅशबोर्डवरचे ते पाच दिवेही काढून टाकले. लिथियमवर ते शेवटपर्यंत सगळे पेटलेले राहतात आणि मग एकदम अंधार. त्याजागी अँपिअर-अवर मोजणारा छोटा डिस्प्ले बसवला. शून्य अंशाच्या खाली लिथियम चार्ज करायचं नसतं, ज्यांच्याकडे तशी थंडी पडते त्यांनी ते बघून घ्यावं.

"आधी १७० होते, आता १०५? कमी नाही का?" वडिलांनी विचारलं. त्यांना सांगितलं की यातले ८० टक्के रोज बिनधास्त वापरता येतात. हिशेबाने ३४ किलोमीटर. शिवाय सहा बॅटऱ्यांचे १७० किलो जाऊन पन्नासेक आले. गाडी चढावर हुंकारसुद्धा देत नाही. शिशाच्या बॅटऱ्या वाईट आहेत असं माझं म्हणणं नाही. महिन्याला झाकणं उघडून पाणी बघणारा माणूस घरात असेल तर त्या घ्याव्यात. आमच्या घरी तसा कुणी नाही, मी धरून.

जुन्या सहा बॅटऱ्या भंगारात दिल्या. भंगारवाल्याने पहिली बॅटरी काट्यावर ठेवण्याआधी खिशातून खिळा काढला, टर्मिनलवरचं उरलेलं ग्रीस खरवडलं, कोड वाचला आणि मगच वजन घेतलं. मी बघतोय हे लक्षात आल्यावर म्हणाला, "सवय आहे, साहेब. स्टिकर आम्ही बघतच नाही."