निर्णय-नोंदवही: कामाचा रकाना एकच

आपले अंदाज आणि निर्णय लिहून नंतर ताडून पाहण्यासाठी मिळणाऱ्या छापील निर्णय-वहीच्या प्रत्येक पानावर विधान, खात्री टक्क्यांत, कारणं, ‘काय दिसलं तर मत बदलेन’ आणि तपासणीची तारीख असे पाच रकाने असतात. पैसे वसूल होतात ते चौथ्यात, आणि नेमका तोच बहुतेकांचा कोरा राहतो. विधान मोघम असलं की तिथे लिहायला काही सुचतच नाही. ‘तो बेभरवशाचा आहे’ हे तपासणार कसं? ‘तो हे काम पंधरा तारखेपर्यंत देणार नाही, खात्री ८०%’ असं लिहा, म्हणजे पळवाट उरत नाही.

नोंद शाईनेच करा. निकाल कळल्यावर ‘मला वाटलंच होतं’ म्हणत आपण टक्के सोयीने वाढवतो. पेन्सिल असेल तर खोडरबर हाताशीच!

गुणांचा रकाना मात्र नाही, ही मोठी उणीव. समासात अमेरिकी हवामानतज्ज्ञ ग्लेन ब्रायरची १९५० सालची पद्धत वापरा: घडलं तर १, नाही तर ०, त्यातून आपली खात्री (८०% म्हणजे ०.८) वजा करून वर्ग. गुण जितके कमी, तितका अंदाज चांगला. ८०% खात्री खरी ठरली तर ०.०४, खोटी ठरली तर ०.६४. सरासरी ०.२५ च्या वर गेली तर सरसकट ५०% लिहिणारा तुमच्यापेक्षा बरा. वीसेक नोंदींआधी सरासरी काढू नका.

छापील वहीतली सुविचारांची पानं निव्वळ भरताड. साध्या वहीत रकाने आखले तरी भागतं.