निराळी खाती की एकच ओळख?

प्रत्येक संकेतस्थळावर निराळे खाते उघडावे, की एकाच गूगल खात्याने सगळीकडे प्रवेश करावा, हा प्रश्न घाटंजी तालुक्यातल्या आमच्यासारख्या गावात शेवटी मोबाइल क्रमांकापाशी येऊन थांबतो.

निराळ्या खात्यांच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. पासवर्ड खरोखरच वेगवेगळे असतील, तर एक फुटला तरी बाकीची खाती सुरक्षित राहतात. २०१८ मध्ये फेसबुकच्या सुमारे ३ कोटी खात्यांची टोकन, म्हणजे पासवर्ड न विचारता खाते उघडणाऱ्या डिजिटल किल्ल्या, चोरीला गेली, तेव्हा त्याच खात्याने इतरत्र प्रवेश करणाऱ्यांनाही धास्ती वाटणे स्वाभाविक होते. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाची ‘पर्सोना’ ही एकाच ओळखीने सगळीकडे प्रवेश देणारी सेवा तर २०१६ मध्ये बंदच झाली.

तरीही माझा कौल दुसरीकडे गेला, तो वडिलांच्या जुन्या सिममुळे. बियाणे, ठिबकचे सुटे भाग, बाजारभाव अशा अनेक ठिकाणी त्यांची खाती त्याच क्रमांकावर होती. दोन सिमचा रिचार्ज परवडेना, म्हणून ते सिम बंद पडले; असा क्रमांक ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो. नवा क्रमांक नोंदवायला गेलो की ओटीपी जुन्याच क्रमांकावर जाई, आणि तो नसेल तर काय करावे याचे उत्तर एकाही ठिकाणी सरळ मिळत नसे. प्रत्येक संकेतस्थळाशी तीच लढाई नव्याने करावी लागली. या एका त्रासापुढे बाकीचे फायदे-तोटे मला दुय्यम वाटतात.

गूगल खात्यात क्रमांक एकदाच बदलावा लागतो. समोरच्या संकेतस्थळाला आपला पासवर्ड कळत नाही, ‘ही व्यक्ती तीच आहे’ अशी डिजिटल स्वाक्षरी केलेली खूण तेवढी मिळते. २०१४ पासूनचे ओपनआयडी कनेक्ट हे मानक असेच चालते. द्विस्तरीय पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री, चालू केली, की आठ अंकी १० बॅकअप कोड मिळतात. प्रत्येक कोड एकदाच चालतो, पण एसएमएस आला नाही तरी चालतो. आमच्या घरी तो छापील कागद सातबाऱ्याच्या फाइलीत असतो. रेंज जाते-येते अशा गावात याचे मोल मला फार वाटते.

शासकीय सेवांसाठी ‘मेरी पहचान’ ही सरकारचीच एका ओळखीने प्रवेश देणारी सोय आहे. तिथे डिजिलॉकरचे खाते पुरते. बँक मात्र मी वेगळीच ठेवली आहे, आणि ज्यांचा क्रमांक वर्षानुवर्षे तोच आहे त्यांना निराळी खातीही कदाचित जड जाणार नाहीत. एकच ओळख घेणार असाल, तर कोड आधी छापून घ्यावेत आणि मगच इतर संकेतस्थळे त्या खात्याला जोडावीत.